अकरा नंबरचा उजेड

"चिवटे, होकायंत्राची सुई काय म्हणतेय?"

"उत्तर म्हणतेय, सर."

"रोजच्यासारखीच?"

"रोजच्यासारखीच."

नेर्लेकर सरांचा चेहरा पडला. सुईनं एखाद्या दिवशी तरी दुसरी दिशा दाखवावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ते होकायंत्र महिनाभर आमच्या अंधारखोलीच्या दाराशी एका स्टुलावर ठेवलं होतं. येणारेजाणारे त्याला अडखळत होते. मी रोज सकाळी वहीत 'उत्तर' असं लिहीत होते.

शहाऐंशी सालची ही गोष्ट. कोल्हापूरच्या बाहेर, उसाच्या फडांना लागून आमचं छोटंसं संशोधन केंद्र होतं. डॉ. अच्युत नेर्लेकर तिथले प्रमुख, आणि मी, हेमलता चिवटे, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय होता नील-हरित शैवाल. तळ्यावर, भाताच्या खाचरात जो हिरवा तवंग धरतो तो. लोक त्याला शेवाळ म्हणून नाक मुरडतात. पण पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा पहिल्यांदा याच मंडळींनी तयार केली, उन्हाचं अन्न करायला जगाला यांनीच शिकवलं, असं सर सांगत आणि सांगताना टेबलावर मूठ आपटत. आमच्याकडे बारा तळ्यांमधून आणलेले बारा वाण होते आणि प्रत्येकाला नंबर होता. त्यातल्या अकरा नंबरनं आमची झोप उडवली होती.

आदल्या वर्षी ऑक्टोबरात सरांनी सहा वाण सहा काचेच्या बाटल्यांत घालून नऊ दिवस मिट्ट अंधारात ठेवले. साखर नाही, खाऊ नाही, नुसतं पाणी आणि क्षार. उजेडावर जगणारा जीव अंधारात काय करणार? पिवळा पडणार आणि मरणार. पाच वाण शहाण्यासारखे पिवळे पडले. अकरा नंबर मात्र हिरवागार होऊन बाहेर आला. रंगमापकावर त्याच्या हिरवेपणाचा आकडा अठरा भरला. सर आनंदानं उडायचेच राहिले. त्यांनी ताबडतोब एका नियतकालिकात टिपण छापलं की संपूर्ण अंधारात वाढणारा वाण सापडला आहे.

टिपण छापून झालं आणि अकरा नंबरनं तोंड फिरवलं. नोव्हेंबरात तोच प्रयोग केला, आकडा शून्य. डिसेंबरात केला तेव्हा बारा भरला. फेब्रुवारीत शून्य, मेमध्ये शून्य, जुलैत शून्य.

पुण्याहून प्रा. देवस्थळींचं पत्र आलं. ते माझ्या प्रबंधाचे परीक्षक होणार होते आणि सरांचे जुने प्रतिस्पर्धी होते. त्यांनी लिहिलं होतं, 'अंधारात शेवाळ हिरवं होत असेल, तर सूर्याला पेन्शन द्यावी लागेल. दसऱ्याला अंबाबाईच्या दर्शनाला येतो आहे. सकाळी तुमची खोली मी स्वतः उघडून पाहीन. सगळ्या प्रयोगांचा तक्ताही तयार ठेवा.'

माझी शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. चार वर्षांचा प्रबंध अकरा नंबरच्या खांद्यावर उभा होता, आणि अकरा नंबर मनात आलं तर जगत होता, नाही तर मरत होता. सरांनी कारण शोधायला जंग जंग पछाडलं. हवेतला दमटपणा मोजला. आकाशातून येणाऱ्या किरणांची पुस्तकं मागवली. शेवटी पृथ्वीच्या चुंबकत्वावर संशय घेऊन दाराशी होकायंत्र ठेवलं. यंदाचा प्रयोग त्यांनी बरोब्बर ऑक्टोबरातच लावला होता, दसऱ्याच्या सकाळी नऊ दिवस पुरे होतील अशा बेतानं.

अंधारखोलीचा कायदा सरांचाच होता. नऊ दिवसांत आत सरांनी जायचं नाही, मी जायचं नाही. "आपल्याला उत्तर हवंय, चिवटे. ज्याला उत्तर हवं असतं त्याच्या हातून लबाडी होते. किल्ली अशाच्या हाती हवी, ज्याला उत्तराशी काही देणंघेणं नाही." म्हणून किल्ली आक्काताईंच्या कमरेला होती. आक्काताई आमच्या केंद्रातल्या सफाई कामगार, पन्नाशीच्या, विधवा, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. त्यांनी सकाळ-संध्याकाळ आत जायचं, अंधारात चाचपडत सहाही बाटल्या हलवायच्या, बाहेर यायचं, कुलूप घालायचं आणि दिवसाची एक सही वहीत करायची. लिहिता येत नव्हतं म्हणून सही म्हणजे अंगठा.

देवस्थळींसाठी तक्ता करायचा म्हणून मी ती वही घेऊन बसले. तारखा उतरवता उतरवता एक पान उलटलं, तर त्या पानातून पलीकडची अक्षरं दिसली. कागदाला तेल लागलं होतं. अंगठ्याच्या शाईभोवती रुपयाएवढा तेलकट डाग होता. त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा. मोजले, नऊ डाग. ते पान गेल्या ऑक्टोबरचं होतं.

मग मी सगळी वही खिडकीशी धरून पाहिली. नोव्हेंबरचं पान कोरडं. डिसेंबरच्या पानावर पहिले सहा अंगठे तेलकट आणि पुढचे तीन कोरडे. फेब्रुवारी, मे, जुलै, सगळं कोरडं ठणठणीत. नऊ डागांना अठरा आकडा. सहा डागांना बारा. डाग नाही तिथं शून्य.

यंदाचं पान उघडलं. सहा अंगठे झाले होते आणि सहाही तेलकट होते.

मी वर पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. आम्ही त्यात फक्त इंग्रजी तारखा बघायचो, कारण तिथी-वार बघितलेलं सरांना खपत नसे. केंद्रातली सत्यनारायणाची पूजा त्यांनी येताक्षणी बंद केली होती. खंडेनवमीला कुणी सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावलं, तर स्पिरिटनं पुसायला लावून वर तासभर व्याख्यान देत. मी कॅलेंडर खाली घेतलं आणि जुनं अडगळीतून शोधून काढलं. गेल्या ऑक्टोबरातल्या प्रयोगाचा पहिला दिवस, घटस्थापना. डिसेंबरातल्या प्रयोगाचे पहिले सहा दिवस म्हणजे खंडोबाचं नवरात्र, चंपाषष्ठीपर्यंत. आणि आज सातवी माळ.

मी तडक मागच्या मोरीवर गेले. आक्काताई बादल्या घासत होत्या.

"आक्काताई, अंधारखोलीत तुम्ही काय ठेवलंय?"

त्यांनी बादली पालथी घातली. हात पदराला पुसले. जरासुद्धा दचकल्या नाहीत.

"दिवा," त्या म्हणाल्या.

"कसला दिवा?"

"कसला म्हंजे? नवरात्राचा. अखंड दिवा. चला, दावते."

कायदा मोडून मी त्यांच्यामागून आत गेले. आमच्या अंधारखोलीला दोन दारं होती. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे बाहेरचा उजेड आत जात नाही. आतला उजेडही म्हणूनच कधी बाहेर आला नव्हता. आतलं दार उघडलं आणि मी उभीच राहिले. खोलीच्या मधोमध फरशीवर पितळेची समई होती. तिच्यात एकच वात. आणि तिच्याभोवती सहा बाटल्या पंगतीला बसवल्यासारख्या गोल मांडल्या होत्या. पाच पिवळट आणि अकरा नंबर हिरवीगार.

"साहेबांनी सांगितलं होतं ना, आत उजेड करायचा नाही म्हणून?"

"बलब लावू नका म्हणालं. ब्याटरी नेऊ नका म्हणालं. आत काडी वडू नका म्हणालं. म्या कवा वडली? भाईर पेटवून पदराआड आणला."

"अहो, पण दिवा घरी लावायचा!"

आक्काताई खाली बसल्या आणि वात बोटानं जराशी पुढं सारली.

"घरात पत्रं हाईत, बाई. चारी बाजूनं वारं. पाच वर्सामागं तिसऱ्या माळंला दिवा इझला, आन् दिवाळीला मालक गेलं. तवापास्नं मी जागा हुडकत हुते. देवळात ठिवावा तर पुजारी पैसं मागतोय. हितं वारं न्हाई, उंदीर न्हाई, कोण येत न्हाई. मला वाटलं देवीनंच दावली. दिस पुरं झालं, की तुमी खोली उघडायच्या आदी समई उचलायची आन् बाटल्या जागंवर ठिवायच्या."

खरं तर तेव्हा बाहेर येऊन दार लावून गप्प बसले असते, तर दसऱ्याला अकरा नंबर हिरवा निघाला असता, देवस्थळी चाट पडले असते आणि मी डॉक्टर झाले असते. हा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणाले, तर ती थाप होईल. चांगला पाच मिनिटं घोळला. मग मी सरांच्या खोलीत गेले आणि वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली.

सर पळत आले. समई पाहिली आणि त्यांचा आवाज चिरकला.

"अकरा महिने! अकरा महिने मी कारण शोधतोय, दाराशी होकायंत्र मांडलंय, आणि ही बाई इथं नवरात्र बसवून राहिलीय! माझं टिपण छापून आलंय, आक्काताई! जगात सगळीकडे गेलंय! किल्ली द्या. उद्यापासून कामावर येऊ नका."

आक्काताईंनी कमरेची किल्ली सोडली आणि बाटल्यांच्या रिकाम्या फळीवर ठेवली. सरांच्या हातात दिली नाही.

"तेल सकाळ-सांजला घाला," त्या मला म्हणाल्या. "हलवू नका, नऊ दिस पुरं हुईस्तवर दिवा हलवत न्हाईत. आन् साहेबास्नी इझवायचाच आसंल तर त्वांडानं फुकू नका म्हणावं. फूल लावून शांत करत्यात." एवढं बोलून त्या निघून गेल्या. मी मान वर करून पाहू शकले नाही. चहाडी केल्यासारखं तोंड कडू झालं होतं.

सर समईपुढे उकिडवे बसले. ओठांचा चंबू केला. चंबू तसाच राहिला, सुटला, पुन्हा झाला.

"चिवटे, फूल आहे का?"

"नाही, सर."

"मग कसं करायचं?" असं म्हणून ते एकदम माझ्याकडे वळले. "आणि का करायचं? अं? सातवा दिवस चाललाय. आता विझवला तर आकडा अर्धवट राहील. नऊ दिवस पुरे झाल्याशिवाय तुलना कशी करणार? हा शास्त्राचा प्रश्न आहे. तुम्ही भलता अर्थ काढू नका."

"मी कुठं काढलाय, सर?"

"प्रकाशमापक आणा."

मी आणला. आमच्याकडचं सर्वांत महाग यंत्र ते. सरांनी ते अकरा नंबरच्या बाटलीला चिकटवून धरलं. सुई शून्यावर होती. त्यांनी यंत्र हलवलं, झटकलं, पुन्हा धरलं. सुई ढिम्म. बाहेर नेऊन उन्हात धरलं तर सुई शेवटाला जाऊन आपटली. म्हणजे यंत्र चांगलं होतं.

सर पुन्हा आत येऊन अकरा नंबरसमोर बसले.

"चिवटे," ते म्हणाले, "या उजेडाला आमचा मापक उजेड म्हणायला तयार नाही. आणि ही त्याच्यावर जेवतेय. बाकीच्या पाच जणी इतक्याच अंतरावर बसल्यात, त्यांना नाही जमलं. हिला जमलं." त्यांनी बाटली दोन्ही हातांनी धरली. "मी जगाला सांगितलं ही अंधारात जगते. मी खोटं सांगितलं. पण खरं त्याहून मोठं आहे. फक्त नऊ दिवस पुरे झाले पाहिजेत."

आणि मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. देव मानत नाही असं भर सभेत सांगणारा माणूस अखंड दिवा राखायला बसला. त्यांना दिव्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मलाही नव्हतं, मी वसतिगृहात वाढलेली. पहिल्यांदा त्यांनी तेल मोजपात्रानं घातलं, नेमकं वीस मिलिलिटर, तर वात बुडायला आली. मग त्यांनी वहीत तक्ता आखला. वातीची उंची, तेलाची पातळी, ज्योतीचा रंग. पंखा बंद, बोलणं बंद. मला शिंक आली तेव्हा त्यांनी मला बाहेर काढलं. आठव्या माळेला शेजारच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ काही विचारायला आले, तर सरांनी दाराच्या फटीतून त्यांना सांगितलं, "आत्ता नाही. आमचा दिवा आहे."

नवव्या माळेला दुपारी दिवा काजळला. वातीवर काळं बोंड धरलं आणि ज्योत हरभऱ्याच्या डाळीएवढी झाली. सरांनी चिमट्यानं बोंड काढायला हात नेला, तर ज्योत आणखी बारीक झाली.

"चिवटे! काय करायचं?"

"मला नाही माहीत, सर!"

"तुम्ही बाई आहात ना?"

"तुम्ही डॉक्टर आहात ना?"

सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग उठले. "ओंजळ धरून बसा. हलू नका. श्वास घेतला तरी बाजूला वळून घ्या." असं म्हणत ते अनवाणीच पळाले. बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मी ओंजळ धरून बसले. आयुष्यात मी कधी देवाला काही मागितलं नव्हतं. त्या पंचवीस मिनिटांत मी काय काय मागितलं ते सांगत नाही. प्रबंधासाठी मागत होते की आक्काताईंसाठी, तेही मला धड माहीत नाही. हातांना चटका बसत होता आणि पलीकडून अकरा नंबर माझ्याकडे हिरवीगार बघत होती.

दार उघडलं. आक्काताई आत आल्या, पदर खोचलेला, स्कूटरवरच्या वाऱ्यानं केस विस्कटलेले. त्यांनी माझे हात बाजूला केले. आधी नवी वात तेलात भिजवून जुनीच्या शेजारी टेकवली, जुनीवर पेटवून घेतली आणि मगच काडीनं काळं बोंड काढलं. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही. ज्योत सरळ उभी राहिली.

"एवढंच?" सर दारातून म्हणाले.

"एवढंच," आक्काताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "दारात हुबं ऱ्हायलं आन् म्हणालं, 'आक्काताई, दिवा काजळलाय हो.' डोळ्यात पानी! मला वाटलं घरातलं कोन गेलं काय."

सरांनी खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्यांना माफी मागायची होती, पण सवय नव्हती. "ही तुमची," एवढंच म्हणाले. आक्काताईंनी किल्ली कमरेला लावली आणि सरांच्या अनवाणी पायांकडे पाहून म्हणाल्या, "बरं केलंसा चपला काढल्या त्या."

दसऱ्याच्या सकाळी प्रा. देवस्थळी आले. कपाळावर अंबाबाईचं कुंकू, हातात आपट्याची पानं आणि चेहऱ्यावर सरांची फजिती बघण्याचा उत्साह. आक्काताईंनी बाहेरचं दार उघडलं, लावलं, आतलं दार उघडलं. देवस्थळी थबकले.

"नेर्लेकर, हे काय आहे?"

"समई."

"ते दिसतंय मला. अंधार कुठाय?"

मी सरांकडे पाहिलं. टिपण त्यांच्या नावावर छापलेलं होतं. 'आत्ताच लावली' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"अंधार नव्हताच," सर म्हणाले. "गेल्या वर्षीही नव्हता. माझं टिपण चुकीचं आहे, देवस्थळी. मी ते मागे घेतोय. आणि खरं काय ते चिवटेंच्या प्रबंधात येईल. हा मापक घ्या, बाटलीला लावा."

देवस्थळींनी मापक लावला. झटकला. पुन्हा लावला. उन्हात जाऊन आले. मग चष्मा काढून ते फरशीवर मांडी घालून बसले आणि एकेक बाटली ज्योतीसमोर धरून पाहू लागले. पिवळी, पिवळी, पिवळी. अकरा नंबरवर आले आणि ती बाटली खाली ठेवायलाच विसरले.

"सुई हलत नाही," ते पुटपुटले.

"सुईला दिसत नाही," सर म्हणाले. "हिला दिसतं."

देवस्थळींनी मान वर केली. "पण मांडणी कुणाची? दिवा बरोब्बर मध्ये, सगळ्या बाटल्या सारख्या अंतरावर. याच्यामुळेच तर तुलना करता येतेय. हे कुणाला सुचलं?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी आक्काताईंकडे.

"खरंच की," सर म्हणाले. "आक्काताई, बाटल्या फळीवर होत्या. तुम्हाला वारं नको होतं, तर दिवा कोपऱ्यात ठेवायचा. बाटल्या खाली उतरवून गोल कशाला मांडल्यात?"

आक्काताई पहिल्यांदाच लाजल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "तुमी हसशीला."

"नाही हसत."

"जित्ती हाईत नव्हं ती? तुमीच सांगतासा. नऊ नऊ दिस अंधारात कोंडायची म्हंजे... म्हटलं दिवा लावतेच हाय, तर सगळ्यांस्नी दिसंल आसा ठिवावा. कोपऱ्यात ठिवला आसता तर कुनाला तरी कमी पडला आसता की."

कुणी हसलं नाही. देवस्थळींनी बाजूला ठेवलेली आपट्याची पानं उचलली आणि उठून पहिलं आक्काताईंच्या हातावर ठेवलं.

माझी शिष्यवृत्ती वाढवून मिळाली आणि पुढच्या वर्षी पीएच.डी.ही मिळाली. त्यासाठी सरांच्या सांगण्यावरून तो प्रयोग वर्षभर दर महिन्याला करायचा होता. नवरात्र नसताना अखंड दिवा लावायला आक्काताई तयार होईनात, तेव्हा प्रत्येक वेळी सरांना रीतसर घट बसवावा लागला. त्या वर्षी आमच्या केंद्रात बारा नवरात्रं झाली. बाराही वेळा अकरा नंबर हिरवी निघाली.

पण तुलनेसाठी सहा बाटल्या खऱ्याखुऱ्या अंधारातही ठेवाव्या लागत. दुसऱ्या खोलीत, दिव्याशिवाय. त्या खोलीच्या किल्लीला आक्काताईंनी कधी हात लावला नाही. ते काम माझ्याकडे आलं आणि पुढं तीस वर्षं, प्रयोगशाळा बदलल्या, दिवे बदलले, तरी माझ्याकडेच राहिलं. माझे विद्यार्थी करतो म्हणायचे. मी त्यांना करू दिलं नाही. बाटल्या ठेवायच्या, दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं, इतकंच तर काम.

फक्त दार ओढण्याआधी मी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघत असे, आणि आत वाकून हळूच सांगत असे, "नऊच दिवस हं."